दुसऱ्या शनिवारची रानवाट

पहाटे पावणेपाच वाजता बाईमाणसानं रस्त्यावर कुठं उभं राहावं? नवी मुंबईत तरी या प्रश्नाचं एक चांगलं उत्तर आहे, ते म्हणजे एपीएमसी मार्केट. तुमच्या गावाहून निघालेली कांद्याची गोणी, कोथिंबिरीची जुडी किंवा आंब्याची पेटी जिथं येऊन उतरते, ते तुर्भ्याचं हे घाऊक मार्केट. १९८१ मध्ये कांदा-बटाट्याचा व्यापार मुंबईतून इथं आला आणि १९९६ मध्ये भाजी आणि फळं आली. अख्खं शहर झोपलेलं असतं तेव्हा इथं दिवे लखलखत असतात, ट्रक मागे घेताना क्लीनर ओरडत असतो, माथाडी कामगार पाठीवर गोण्या घेऊन लगबगीनं जात असतात आणि चहाच्या स्टोव्हला क्षणाची उसंत नसते. अशा गर्दीत पाठीवर सॅक लावलेल्या आठ-दहा बायका उभ्या राहिल्या तर कुणी वळून बघत नाही. ज्याला त्याला आपल्या मालाची घाई! म्हणूनच आमच्या ट्रेकच्या घोळक्यानं भेटायची जागा म्हणून हा नाका कायमचा ठरवून टाकला.

घोळका म्हणजे काय, तर सगळ्या आळीपाळीनं येणाऱ्या. मसाला मार्केटातल्या गाळ्यावर हिशेब लिहिणारी एक जण आहे, एक शाळेतली बाई आहे, नवरा माथाडी कामगार असलेली कोपरखैरण्याची ताई आहे आणि ठेपल्यांचा मोठा डबा आणणाऱ्या एक गुजराती काकू आहेत. त्या डब्याची वाट मी पहिल्या चढापासून बघते, हे इथं सांगायला हरकत नाही. दिवस आम्ही निवडलाय महिन्यातला दुसरा शनिवार. रविवार का नाही, हे कुणा बाईला समजावून सांगायला नको. रविवारी पाहुणे असतात, दळण असतं, मुलांचे युनिफॉर्म असतात आणि नवरोबांना नाश्त्याला काहीतरी वेगळं हवं असतं. शनिवारी पाय दुखवून घेतले तर रविवारी निदान घरातल्या घरात लंगडता येतं!

‘ट्रेक’ म्हटलं की बऱ्याच जणींच्या डोळ्यांसमोर दोरखंड आणि कडे येतात. तसलं आम्ही काही करत नाही, बरं का. आमचं चालणं जंगलातलं, पायवाटेचं. सुरुवात करणारीला आम्ही आधी कर्नाळ्याला नेतो. पनवेलच्या पुढं मुंबई-गोवा रस्त्यालगतच हे पक्षी अभयारण्य आहे, १९६८ पासूनचं आणि जेमतेम बारा चौरस किलोमीटरचं. फाटकावर पावती होते, प्लॅस्टिकच्या बाटल्या मोजून अनामत ठेवून घेतात आणि वर किल्ल्याचा तो अंगठ्यासारखा सुळका आपल्याला खुणावत असतो. दीड-दोन तासांचा चढ, वाट मळलेली आणि वर झाडांची सावली. इथं जिला दम लागला पण मजा आली, ती पुढच्या महिन्यात स्वतःच फोन करते.

खरी परीक्षा पुढच्या वाटांवर असते. कर्जतजवळच्या खांडस गावातून भीमाशंकरला चढणाऱ्या दोन वाटा आहेत. शिडी घाटात कातळाला लोखंडी शिड्या लावलेल्या आहेत, त्या नवखीसाठी नाहीत. गणेश घाट लांबचा पण सोपा. ‘सोपा’ हा शब्द मात्र महिना बघून वापरायचा असतो. फेब्रुवारीत जी वाट स्पष्ट दिसते, तीच ऑक्टोबरच्या सुरुवातीला गवतात गडप झालेली असते. गावातली माणसं याला ‘वाट मोडली’ म्हणतात. पूर्वी या वाटांवर रोजची ये-जा होती. गुरं चरायला जायची, बायका मोळ्या आणायच्या, डोक्यावर करवंदं-जांभळांच्या पाट्या घेऊन बाजाराला उतरायच्या. माणसाच्या आणि ढोराच्या पायांनीच वाट जिवंत राहायची. आता डांबरी रस्ता झाला, घरात गॅस आला, गुरं कमी झाली आणि वाटा बुजायला लागल्या.

त्यातून कारवी! सह्याद्रीत जी हिंडली नाही तिला ही कशी समजावून सांगू? माणसाच्या डोक्यावरून जाईल एवढं उंच आणि दाट झुडूप, पानं खरखरीत, खोड काठीसारखं. याच काठ्यांच्या कुडांना शेण-माती लिंपून ठाकर-वारल्यांची घरं उभी राहत आली. सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि मग डोंगराचे डोंगर जांभळे होतात. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ती २०१६ मध्ये फुलली होती आणि नंतर २०२४ मध्ये. फुलते तेव्हा अवश्य बघा. पण न फुललेल्या कारवीच्या रानातून चालताना पुढची बाई तीन पावलांवर असली तरी दिसत नाही. नुसती पानं हललेली दिसतात. हाक मारली तर आवाज नेमका कुठून आला ते कळत नाही. त्यात मधूनच एखादी ढोरवाट फुटते, ती मुख्य वाटेपेक्षा जास्त ठसठशीत असते आणि पाय आपसूक तिकडे वळतात. जुनी माणसं याला चकवा म्हणायची. चकवा बिकवा काही नसतो हो, ढोरांच्या वाटेनं गेलं की ढोरांच्या पाणवठ्यावर पोचायचं, एवढंच.

गणेश घाटातच आमच्यातल्या दोघी मागे राहिल्या होत्या. त्या दिवशी आम्ही आमच्या आम्ही नव्हतो, पैसे भरून एका आयोजकाच्या मोठ्या ग्रुपबरोबर गेलो होतो. चाळीसच्या वर माणसं, पुढं एक तरतरीत लीडर आणि मागे कुणीच नाही. दोघींना आडोसा हवा होता. सगळ्यांसमोर सांगायची लाज वाटली, म्हणून गुपचूप रांगेतून बाजूला झाल्या. परत वाटेवर आल्या तर रांग गायब. वर पठारावर शिरगणती झाली तेव्हा कुठं दोन डोकी कमी भरली. मोबाईलला रेंज नाही. लीडर मुलगा घाबरून धावत खाली निघाला आणि तोही एकटाच!

त्या दोघींनी एक शहाणपणा केला. त्या हलल्या नाहीत. शाळेतल्या बाई होत्या त्यातल्या एक, त्यांच्या गळ्यात पीटीची शिट्टी होती. थोड्या थोड्या वेळानं तीनदा वाजवायची आणि कान देऊन ऐकायचं, असं त्यांनी चालवलं. शिट्टी ऐकून आली ती मोळी घेऊन उतरणारी एक ठाकर बाई. तिनं मोळी वाटेत टेकवली, दोघींना फाट्यापर्यंत आणून सोडलं आणि जाताना विचारलं, ‘तुमची माणसं तुम्हाला टाकून कशी गेली?’ दोघीही पठारावर येईपर्यंत रडल्या नाहीत. वर आल्यावर मात्र रडल्या.

तेव्हापासून आमच्यात एक नियम आहे. पुढं कोण चालतंय याला फारसं महत्त्व नाही, सगळ्यात मागे कोण आहे ते आधी ठरतं. ही मागची बाई अनुभवी असते, तिच्या पुढे सगळ्यात सावकाश चालणारी असते आणि तिचा वेग तोच सगळ्यांचा वेग. फाटा आला की पहिलीनं थांबायचं, शेवटची दिसेपर्यंत हलायचं नाही. दर तासाला शिरगणती. कुणी म्हणेल, असं चाललं तर पोचायचं कधी? नाहीच पोचलो तर नाही. कितीतरी वेळा आम्ही अर्ध्या वाटेतून परत फिरलोय, आणि ठेपले अर्ध्या वाटेतही तेवढेच छान लागतात.

आता त्या आडोशाचं बोलू या, कारण ट्रेकच्या पुस्तकांत आणि वेबसाइटवर बुटांवर पानंच्या पानं असतात, यावर ओळ नसते. बायका प्रवासात पाणी पीत नाहीत. लहानपणापासूनची सवय. एसटीच्या प्रवासात, लग्नकार्यात, जत्रेत, कुठंही ‘नंतर जायचं कुठं’ हा विचार घोट घेण्याआधी येतो. सपाटीवर हे कसंबसं निभतं. दमट हवेत चढ चढताना घामावाटे किती पाणी जातं आणि वरून काहीच आत जात नाही, मग डोकं दुखतं, मळमळतं, पायात गोळे येतात आणि घरी गेल्यावर लघवीची जळजळ सुरू होते. सगळे म्हणतात, हिला झेपलं नाही. तिला चढ झेपत होता हो, तहान झेपली नाही! म्हणून दर तासाच्या शिरगणतीला आम्ही आडोशाची सुट्टीही जोडली आहे. मागची बाई मोठ्यानं जाहीर करते, मग कुणाला वेगळं विचारावं लागत नाही. दोघी-दोघींनी जायचं, ओढ्यापासून लांब, काठीनं गवत हलवून आणि वाटेपासून हाकेच्या अंतरावर. प्रत्येकीकडे निदान दोन-तीन लिटर पाणी आणि बरोबर लिंबू-मीठ-साखर.

पाळीच्या दिवसांत जावं का, हेही हमखास विचारतात. जाववत असेल तर जरूर जा, रानाला विटाळ होत नाही. फार दुखत असेल किंवा रक्तस्राव जास्त असेल तर पुढच्या महिन्यात जा, डोंगर कुठं पळून जात नाही. वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून, घट्ट पिशवीत घालून घरी आणायचं. दगडाखाली दडपून ठेवलेलं पावसात वाहत खालच्या वाडीच्या पाण्यात येतं, आणि ते पाणी भरणारीही बाईच असते.

कपड्यांचं सोपं आहे. ओढणी नको, ती काट्याला अडकते. पूर्ण बाह्यांचा सुती कुडता किंवा शर्ट, सैल पँट, पायात तळाला खाचा असलेले बूट आणि मोजे. खाजकुयलीच्या शेंगा ओळखायला शिका. ती तपकिरी मखमल हाताला लागली तर दिवसभर नाचायला लावते. सेंट-अत्तर घरी ठेवा. आग्या मोहोळाच्या माश्या उग्र वासानं आणि आरडाओरड्यानं चवताळतात. साप बहुतेक वेळा आपल्या पावलांच्या हादऱ्यानंच दूर जातो. तरी चावलाच तर कापाकापी करायची नाही, तोंडानं चोखायचं नाही, दोरीनं आवळायचं नाही. त्या माणसाला चालवायचंही नाही. हात-पाय न हलवता उचलून, जिथं सापाच्या विषावरची लस आहे अशा सरकारी दवाखान्यात लवकरात लवकर न्यायचं. मदतीसाठी ११२ नंबर आहेच, पण रेंज मिळेपर्यंत आपल्या मदतीला आपला ग्रुपच असतो.

आणि ग्रुपच चुकीच्या वेळी चुकीच्या जागी गेला तर? मार्च २०१८ मध्ये तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरात असं झालं. महिला दिन नुकताच होऊन गेला होता. शनिवार-रविवारच्या ट्रेकला निघालेल्या त्या ग्रुपमध्ये बहुतेक तरुण मुली आणि बायकाच होत्या. ज्या वाटेनं ते उतरत होते तिला वनखात्याची परवानगी नव्हती. डोंगर वाळलेल्या गवतानं भरलेला, खालून वणवा लागला आणि वाऱ्यानं तो वर चढला. वीसहून जास्त जीव गेले. आपल्याकडेही फेब्रुवारी-मार्चपासून सह्याद्रीचं गवत असंच वाळून कोळ होतं. म्हणून होळीनंतर गवताळ उतारावरच्या वाटा आम्ही बंद ठेवतो. पावसाळ्याचं म्हणाल तर आमच्या घराजवळच, खारघरच्या पांडवकड्यात, ऑगस्ट २०१९ मध्ये चार कॉलेजच्या मुली वाहून गेल्या. धबधब्याचं पाणी वरच्या डोंगरात पडलेल्या पावसानं वाढतं, आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी. दर पावसाळ्यात तिथं बंदीची पाटी लागते, दर पावसाळ्यात पोरं पाटीला वळसा घालून जातात. आमचा हंगाम दसरा-दिवाळीपासून माघापर्यंत. एवढे चार महिने पुरे होतात.

पैसे भरून कुणाबरोबर जाणार असाल तर भाजी घेताना जसं देठ मोडून बघतो तसं आयोजकाला विचारून बघा. माणसं किती नेणार? मागे कोण चालणार? बरोबर बाई लीडर आहे का? वनखात्याची परवानगी काढली आहे का? गावातला वाटाड्या घेणार का? प्रथमोपचार कुणाला येतात? महाराष्ट्रात २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आलं. त्यानुसार आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते, तेव्हा नोंदणीचंही विचारायला लाजू नका. उत्तर देताना जो चिडतो त्याच्याबरोबर जाऊ नका. आणि चाळीस-पन्नास माणसांची जत्रा नेणाऱ्यांच्या वाटेला तर मुळीच नको, फी कितीही कमी असली तरी.

वाटाड्याचं मी थोडं जास्त सांगते. जंगलातल्या वाडीतला माणूस किंवा बाई बरोबर असली की अर्धी काळजी मिटते. शिवाय तिथल्या घरी पोहे-चहा, पिठलं-भाकरी सांगितली की चार पैसे त्या घरात जातात. भाव करू नका. मॉलमध्ये कॉफीला आपण भाव करतो का?

इर्शाळगडाच्या वाटेवर इर्शाळवाडी होती. चौकजवळ डोंगराच्या कुशीत ठाकरांची लहानशी वस्ती, नानिवलीतून तासाभराचा चढ, गाडीरस्ता नाही. गडावर जाणारे किती ट्रेकर त्या अंगणांत टेकले असतील, माठातलं पाणी प्यायले असतील. १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगराची दरड वाडीवर आली. सत्तावीस जणांचे मृतदेह सापडले, सत्तावन्न जण सापडलेच नाहीत आणि चौथ्या दिवशी शोध थांबवला. यंत्र वर नेता येत नव्हतं, त्यामुळे कुदळ-फावड्यांनी माती उपसली गेली. मदतीला धावलेल्या नवी मुंबईतल्या अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा चढता चढता हृदयविकारानं मृत्यू झाला. खोपोलीच्या यशवंती हायकर्सची डोंगर जाणणारी मंडळी चिखलातून वर पोचली होती. वाचलेल्यांसाठी पुढं सिडकोनं चौक परिसरात घरं बांधली. जी वाट आपल्याला महिन्यातून एकदा मौजेची असते, तीच वाट कुणाची तरी दवाखान्याची, शाळेची, बाजाराची वाट असते, आणि रात्री पावसात तिच्यावरून मदत यायला किती वेळ लागतो हे त्या वाडीला कळलं. आमच्यातल्या कोपरखैरण्याच्या ताई जावळीच्या, कोयनेच्या खोऱ्यातल्या. त्यांच्या आईनं डोक्यावरून मोळ्या आणल्या त्याच डोंगरांत, वासोट्याला, आम्ही बामणोलीहून लाँचनं गेलो. पावती फाडली, पिशव्या तपासून घेतल्या, संध्याकाळच्या आत परत फिरायचं म्हणून वनरक्षकाचं बोलणंही ऐकून घेतलं. ताई दिवसभर फारसं बोलल्या नाहीत. लाँचमध्ये एवढंच म्हणाल्या की आईला सांगितलं तर ती हसेल, पैसे देऊन डोंगर चढायला गेली म्हणून!

घरून परवानगीचा प्रश्न तुमच्यातल्या अनेकींचा असेल. ‘देवाला जाते’ म्हटलं की सगळे हो म्हणतात, ‘रानात जाते’ म्हटलं की भुवया वर जातात. देव तर रानातच बसलेत, भीमाशंकर काय आणि वासोट्याजवळचा नागेश्वर काय. पण मला विचाराल तर देवाच्या आडून जाऊ नका. सरळ सांगा, महिन्यातला एक दिवस मला चालायला जायचंय. कुठं जाणार, कोण बरोबर आहे, कोणत्या वाटेनं चढणार आणि कितीला परत येणार, हे कागदावर लिहून फ्रिजवर लावा. त्यात परवानगी मागण्यासारखं काही नाही. डोंगरात जाणाऱ्या पुरुषानंही हेच करायला हवं. आमच्यातल्या दोघींच्या सासूबाई सुरुवातीला नाकं मुरडायच्या, आता रानभाजी आणलीस का म्हणून विचारतात. अभयारण्यातून काही तोडून आणायचं नसतं, त्यामुळे पायथ्याच्या गावात वाटेवर बसलेल्या मावशीकडून शेवग्याच्या, अळूच्या जुड्या विकत घेऊन त्यांची समजूत काढावी लागते.

आणि तुम्हाला तर आमच्यासारखं पावणेपाचला नाक्यावर यायची गरजच नाही. कोल्हापूरकडच्या मैत्रिणींना दाजीपूरचं जंगल आहे, सावंतवाडीकडच्यांना आंबोली, नाशिक-अकोल्याच्यांना कळसूबाई आणि हरिश्चंद्रगडाचा परिसर, विदर्भातल्यांना मेळघाट. वनखात्याच्या जवळच्या कार्यालयात जाऊन विचारा, कुठं पायी फिरायला देतात आणि कुठं गाडीच लागते. गव्या-अस्वलांच्या जंगलात हा फरक महत्त्वाचा. भिशीच्या सहा-आठ जणी जमल्या तरी पुरे. पहिल्यांदा तीन तासांची वाट निवडा आणि मागे कोण चालणार ते घरीच ठरवा.

एक राहिलंच. घरी आल्यावर बूट-मोजे तसेच मशीनमध्ये टाकू नका. आधी कानामागे, गुडघ्यामागे, कमरेपाशी गोचीड चिकटली नाही ना ते बघा. मग वर्तमानपत्र पसरून बसा आणि मोज्यांतली कुसळं काढायला घ्या. ती धुण्यानं निघत नाहीत, उलट बाकीच्या कपड्यांत शिरतात. चिमट्यानंही तुटतात. बोटांनी, एकेक करून, टोकाच्या दिशेनं ओढावी लागतात. एक पूर्ण मालिका बघून होईपर्यंत एक मोजा होतो.